पद्मावतीची लसूण

गुणाजी तांडेलाने उभ्या आयुष्यात कोणाचा सल्ला घेतला नाही, आणि म्हातारपणी जो एक मिळाला तो अर्धाच ऐकला. होडीवर ते खपून जातं. होडीवर तांडेल म्हणेल ती पूर्व, आणि वारा फिरलाच तर शिव्या वाऱ्याला बसतात. पण त्या वर्षी कमरेने दगा दिला. वल्हं मारायला उभं राहिलं की पायाला मुंग्या यायच्या, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा गुणाजीचा हिवाळा जमिनीवर निघाला. मुलगा विश्राम देवगडला लाँचवर होता, महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा. बायकोला जाऊन दहा वर्षं झालेली. कोळंबच्या खाडीकाठच्या त्या घरात माणसं दोनच, सासरा आणि सून लीला.

लीला शिरोड्याची. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली ती ट्रंकेत लुगडी कमी आणि लसूण जास्त घेऊन, असं वाडीतल्या बायका हसून सांगत. अगदीच खोटं नव्हतं. तिची आई पद्मावती शिरोड्याच्या बाजारात मासळी विकायची आणि थंडीत घरामागच्या दोन वाफ्यांत लसूण लावायची. तशी लसूण बाजारात मिळत नसे. गड्डी जेमतेम लिंबाएवढी, साल जांभळट, पाकळी बारीक, पण बांगड्याच्या तिखल्याला दोन पाकळ्या पुरत आणि शेजारच्या घरात कळत. पद्मावतीला ती तिच्या आईने लग्नात दिली होती, आणि त्या आईला तिच्या आईने. मुलगी सासरी निघाली की लसणीची एक वेणी तिच्याबरोबर द्यायची, मुलीने ती सासरच्या मातीत लावायची, आणि दरवर्षी अर्धी खाऊन अर्धी बियाला ठेवायची. सोनं द्यायची ऐपत नसलेल्या घरांतून असे दागिने चालत येतात.

एकसष्ट साली भातं कापून झाली तेव्हा पद्मावतीच्या पोटात पाणी धरलं होतं. विश्राम सासुरवाडीला जाऊन आला तो तिची उरलीसुरली सगळी लसूण पिशवीत घालून. बरोबर निरोप होता, "औंदा माझ्याच्यान वाफो खणवाचो नाय. सगळी तूच लाव. पुढल्या वर्सा माका निम्मी परत दी." लीलाने आईची आणि आपली अशी सगळी लसूण एकत्र केली, पाकळी पाकळी वेगळी केली आणि घरामागे खाडीच्या अंगाला चार वाफे ओढले. म्हणजे पद्मावतीच्या घराण्याची जी काय लसूण जगात होती ती आता गुणाजीच्या परसात होती. दुसरीकडे कुठे एक पाकळी नव्हती.

त्याच सुमारास ग्रामसेवक भाऊसाहेब आले. घाटावरचे होते, सायकल हातात धरून आले. वाळूत सायकल चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण सायकलीशिवाय ते सरकारी दिसत नसत. त्यांच्याकडे सल्फेटची पोती आली होती आणि वाडीत कोणी हात लावायला तयार नव्हतं. पांढरं, साखरेसारखं दिसणारं, नाकाला झोंबणारं खत. लोक म्हणत, त्याने जमीन मरते. लीला मात्र ऐकायला उभी राहिली.

"तुमचं मासळीचं खत उत्तम आहे," भाऊसाहेब म्हणाले, "ते सोडू नका. पण नुसत्या त्याच्यावर राहू नका. दोन्ही द्या, मात्र निम्मं निम्मं. मासळीचं नेहमी घालता त्याच्या निम्मं, लावणीच्या वेळी. सल्फेट या कागदावर लिहिलंय त्याच्या निम्मं, महिन्याने. आणि मग हात आखडायचा. गड्डी धरायला लागली की तिला काही म्हणजे काही द्यायचं नाही."

लीला मान डोलवत होती. गुणाजी ओट्यावर जाळं सांधत बसला होता. तो 'निम्मं' या शब्दापर्यंत आला आणि तिथेच अडकला, पुढचं त्याच्या कानात गेलंच नाही. कारण त्याच्या घराची रीत वेगळी. नारळी पुनवेला दर्याला एक नारळ आणि खाडीच्या मुखावरच्या राखणदाराला एक नारळ, दोन्ही पुरते. एका वाईट वर्षी त्याच्या काकाने एकच नारळ फोडून दोघांना एकेक भकल दिलं होतं. त्या मोसमात काकाची होडी खडकावर गेली. तेव्हापासून गुणाजीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की दोघांना बोलवायचं तर दोघांचाही पुरता मान करायचा.

"दोगांकय निम्मा निम्मा?" भाऊसाहेब गेल्यावर तो म्हणाला. "ही खंयची रीत गो? अर्धो मान म्हणजे अपमान."

"मामांनू, ह्यो देव न्हय," लीला हसली. "खत आसा."

तिने भाऊसाहेबांचं ऐकलं. वाळवून कुटलेले पेडवे मासे ती दरवर्षी वाफ्यात घालायची, ते यंदा निम्मे घातले. महिन्याने सल्फेट कागदावर होतं त्याच्या निम्मं, तेही वाटीने मोजून. उरलेलं पेडव्यांचं खत मडकीत झाकून ठेवलं, उरलेलं सल्फेट पोत्यात गुंडाळून पडवीच्या कोपऱ्यात. येता जाता गुणाजीची नजर त्या दोन्हींवर पडायची. घरात दोन पाहुणे बोलवून अर्धपोटी उठवल्यासारखं त्याला वाटे.

लावणीला दोन महिने होत आले तेव्हा शिरोड्याहून माणूस आला. पद्मावतीचं दुखणं वाढलं होतं. लीलाने तासाभरात गाठोडं बांधलं.

"रोज सकाळी वाफ्यांक पाणी घाला," निघताना तिने सांगितलं. "बाकी काय करू नकात. मी आठ दिसांनी येतंय."

"तू जा गो चेडवा. तुझ्या लसणीक मी आसंय."

आठ दिवसांचा महिना झाला. गुणाजी रोज सकाळी विहिरीवरून कळशा आणायचा. एका हाताने कंबर धरून, दर चार पावलांवर थांबून. कमरेला सांभाळायचं म्हणून ज्याने समुद्र सोडला तो माणूस लसणीसाठी दिवसाला वीस कळशा ओढत होता, आणि हे त्याला कोणी सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्याचीच कंबर मोडली असती. वाफ्याशी तो बोलायलाही लागला. पात वाऱ्याने आडवी झाली तर रागे भरायचा. आपल्या विश्रामला त्याने इतकं जपलं नव्हतं. विश्राम वाढला तेव्हा तो पाण्यावर होता.

मग एक दिवस पातीचे शेंडे पिवळे दिसले. आधी एका वाफ्यात, आणि दोन दिवसांनी चारही वाफ्यांत.

लसूण गड्डी धरायला लागली, पिकण्याच्या वाटेला लागली, की तिची पात शेंड्याकडून पिवळी पडते. लसूण लावणाऱ्या कोणत्याही बाईला हे ठाऊक असतं. गुणाजीला नव्हतं. त्याला आभाळाचा रंग कळायचा, पाण्याचा कळायचा, पातीचा कळत नव्हता. त्याच दिवशी शिरोड्याहून निरोप आला की पद्मावती आता काही दिवसांची सोबती. गुणाजी वाफ्यापाशी उभा राहिला. तिकडे पोरीची आई चाललीय आणि इकडे आईची लसूण. पोर परत येईल ती कशाकडे बघायला?

कोणाला विचारावं हे त्याच्या मनात आलं नाही. भाऊसाहेब दोन मैलांवर होते. शेजारची मथुरा तर कुंपणापलीकडे होती, आणि ती चाळीस वर्षं डोळे मिटून लसूण लावत आली होती. पण तांडेल विचारत नसतो. लसूण उपाशी आहे, आणि तिला उपाशी ठेवणारे आपण, हे त्याने ठरवून टाकलं. त्याने मडकी आणली आणि पेडव्यांचं उरलेलं सगळं खत चारही वाफ्यांत पसरलं. पोतं आणलं आणि उरलेलं सगळं सल्फेट त्यावर दिलं. मग वर भरपूर पाणी घातलं. एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी असं काही केलं नाही. त्या दुपारी त्याला बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

आठवड्यात पात अशी हिरवीगार झाली की बघत राहावं. आणि त्याच आठवड्यात पद्मावती गेली.

विश्राम देवगडहून परस्पर शिरोड्याला गेला. गुणाजी गेला नाही. विहीण वारली असताना व्याही घरी बसला, यावर वाडीत कुजबूज झाली. तो गेला नाही कारण गेला असता तर वाफ्यांना पाणी कोण घालणार? हे त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक हसले असते.

लीला तेराव्यानंतर आली. उतरलेली, गालांची हाडं वर आलेली. पाय धुऊन ती सरळ मागच्या दारी गेली. गुणाजी तिच्या मागे मागे. ती वाफ्याच्या कडेला बराच वेळ उभी राहिली.

"केदी वाढली ही," ती म्हणाली.

"बघ तर," गुणाजी म्हणाला. त्याने एक पात हातात धरून तिला दाखवली.

लसूण काढायचे दिवस आले तरी पात सुकून आडवी पडेना. पंधरा दिवस जास्त वाट बघून लीलाने काढणी केली. गड्ड्या बंद मुठीएवढ्या निघाल्या. शिरोड्यात किंवा मालवणात असली लसूण कोणी पाहिली नव्हती. वाडी लोटली. गुणाजीने सहा घरांत दोन-दोन गड्ड्या स्वतः नेऊन दिल्या आणि प्रत्येक ओट्यावर बसून सांगितलं, "दर्याचा खत आणि सरकारचा खत, दोगांचोय मान केलो." भाऊसाहेब आले, त्यांनी एक गड्डी उचलली, तिची मान दोन बोटांत दाबून पाहिली आणि क्षणभर लीलाकडे बघितलं. "तांडेल, सावलीत चांगली वाळू द्या हं," एवढंच म्हणाले आणि सायकल घेऊन गेले.

दरवर्षी लीला सुकलेल्या पातीची वेणी घालून लसूण चुलीवर धुरात टांगायची. आईने शिकवलेली सात पदरांची वेणी. यंदा ती पडवीत वेणी घालायला बसली आणि तशीच बसून राहिली. एरवी या लसणीची मान सुकून दोऱ्यासारखी होते. ही बोटाएवढी जाड होती, आणि दाबली की ओली लागत होती. शेवटी तिने सुंभ घेतला आणि दोन-दोन गड्ड्या जोडून बांधल्या.

"वेणी घालूक नाय?" गुणाजीने विचारलं.

"जड आसत," लीला म्हणाली. "सुंभानच बऱ्यो."

गुणाजीने वर टांगलेल्या गड्ड्यांकडे बघितलं आणि तो समाधानाने हसला. आईला गमावून आलेल्या पोरीसाठी आपल्या हातून एक तरी चांगली गोष्ट झाली, असं त्याला त्या दिवशी वाटत होतं.

पावसाळ्यात रोजच्या कालवणात लसूण भरपूर पडायला लागली. दोन पाकळ्यांच्या जागी आठ-दहा. चव थोडी पाणचट होती, पण गुणाजी म्हणायचा, यंदा सुनेचा हात सैल सुटलाय, सुटू दे, पीकच तसं आलंय. लीला खाली मान घालून वाढायची.

श्रावणात मथुरा आली. तिची लेक बाळंतपणाला आली होती, बाळाच्या धुरीला लसणीच्या चार साली हव्या होत्या. लीला विहिरीवर गेलेली. गुणाजी म्हणाला, साली कसल्या, गड्डीच घेऊन जा, आणि त्याने चुलीवरची एक जोडी काढली. त्याच्या हातात नुसती साल आली. दाबली तशी आत गेली. आत पाकळ्यांच्या जागी काळी भुकटी होती, आणि मधे थोडा चिकट तपकिरी लगदा. त्याने दुसरी काढली, तिसरी काढली. वर नऊच जोड्या उरल्या होत्या आणि सगळ्या तशाच होत्या.

"आमच्यो पण म्हयन्यात गेल्यो," मथुरा हळूच म्हणाली. "माका वाटला, तुमच्यो बऱ्यो आसतल्यो." मग कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, "पात पिवळी पडाक लागल्यार काय घातलास रे?"

गुणाजीने सांगितलं. मथुराने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती गेली. तेवढ्याने त्याला सगळं कळलं.

त्याने त्या पोकळ गड्ड्या पुन्हा होत्या तशा टांगून ठेवल्या. जिने बघायला नको तिच्यापासून लपवायला दुसरी जागा त्याला सुचली नाही. उरलेल्या पाच घरांत जाऊन तो गड्ड्या विचारून आला. तिघांनी खाल्ल्या होत्या, दोघांनी कुजल्या म्हणून उकिरड्यावर टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी "विहिणीच्या घराक जावन येतंय, तेवा जावक जमला नाय" असं सुनेला सांगून तो शिरोड्याला निघाला. एस्टी, खाडीवरची तर, पुन्हा एस्टी, आणि सगळीकडे पाऊस.

पद्मावतीच्या मुलाची बायको सुशीला घरी होती. तिने पाण्याचा तांब्या दिला, चहा केला. तेव्हा तिथे येण्याचं कारण गुणाजीने तोंडातून काढलं.

"लसूण? ती सगळी लीलाकडे आसा," सुशीला म्हणाली. "आत्येन एक पाकळी मागे ठेवूक नाय. मी म्हटलंय, दोन तरी रवांदेत. तर म्हणता कशी, थंय बरी रवतली." मग सासऱ्याच्या वयाच्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून तिने बाजारची लसूण पुडीत बांधून दिली. पांढरीफेक, मोठ्या पाकळ्यांची. तरीत बसल्यावर ती पुडी उघडून गुणाजीने एकदा बघितली. हीच पद्मावतीची म्हणून सुनेला दिली तर? पण ती साल आंधळ्यालाही ओळखू आली असती. त्याने पुडी तरवाल्याला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी पोचला. लीला ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तो भिजलेला तसाच तिच्यासमोर बसला.

"लीला, लसूण गेली गो. सगळी. एक पाकळी रवूक नाय."

"म्हायत आसा, मामांनू."

"मीच घातलंय. उरलेला सगळा. तू गेल्यार. पिवळी पडली म्हणान माका वाटला ती मरता."

"ता पण म्हायत आसा. मी इलंय तेवा मडकी रिकामी होती." तिचा हात सुपात फिरत राहिला. "ती मरणा नाय होती. पिकत होती."

"तुका केदवा कळला?"

"वेणी घालूक बसलंय तेवाच. असल्या मानेची लसूण पावसात रवत नाय, आवस सांगी. सुकयत ठेवलंय, बघलंय, काय उपयोग झालो नाय. मगे जी मऊ पडात ती रोज कालवणात घातलंय. फुकट कित्या घालवायची?"

गुणाजीच्या डोळ्यांपुढे ती आठ-दहा पाकळ्यांची कालवणं आली. पद्मावतीच्या घराण्याचं बी त्याने मिटक्या मारत खाल्लं होतं, आणि वर सुनेच्या सैल हाताचं कौतुक केलं होतं.

"मगे बोलूक नाय कित्या?" तो म्हणाला. "माका शिवी तरी घालूची होतीस."

लीलाने सूप बाजूला ठेवलं. "तुमी त्या दिसा घराघरात जावन लसूण वाटीत होतास. आवस गेल्यापासून ह्या घरात कोण हसूक नव्हता. तुमी हसलास. कमर धरान दोन म्हयने पाणी घातलात. मी काय बोलू?"

पागोळ्यांचं पाणी ओट्याच्या कडेला पडत होतं. गुणाजीने डोक्यावरून गळणारं पाणी पुसलं. मग त्याने विचारलं, "तुझी आवस शेवटाक काय बोल्ली गो? लसणीचा काय बोल्ली?"

"नुको, मामांनू."

"सांग."

"शेवटच्या दिसात सारखी विचारी, वाफ्याकडे कोण आसा, वाफ्याकडे कोण आसा." लीला अंगणाकडे बघत बोलत होती. "मी सांगलंय, माझो सासरो आसा. तेणी होडी सोडल्यानी, पण वाफो सोडूचे नाय. मगे तिणा डोळे मिटल्यान. परत विचारूक नाय."

गुणाजी तांडेल रडला. तोंड झाकायचंही त्याला सुचलं नाही, ओल्या कपड्यांत सुनेसमोर बसून तो लहान मुलासारखा रडला. दर्याने दोन भाऊ नेले तेव्हा तो असा रडला नव्हता. लीलाने त्याला उगी केलं नाही. तिला स्वतःलाच आता आईसाठी रडू येत होतं, तेराव्यानंतर पहिल्यांदाच. दोघं एकाच ओट्यावर, एकमेकांकडे न बघता बसून राहिली. मग तिने डोळे पुसले, आतून सुकं धोतर आणून त्याच्यापाशी ठेवलं आणि निवडलेले तांदूळ घेऊन भात लावायला गेली.